कातडीचा रंग आणि विकलेली लाज

रेल्वेने हिंडणाऱ्याला रुळालगतच्या भिंतींवरची चुन्याने रंगवलेली अक्षरे पाठ असतात: मूळव्याध, गुप्तरोग, पांढरे डाग, हमखास इलाज. दौंड जंक्शनावर उतरून शिरूरकडे एस.टी.ने जाणाऱ्या विद्यार्थ्याला आता भिंतीकडे पाहावे लागत नाही. त्याच्या हातातल्या मोबाइलवरच गोरेपणाचे मलम, लेसर आणि केसरोपण येऊन उभे राहते. माध्यम तेवढे बदलले आहे. आधी माणसाला स्वतःच्या शरीराची लाज वाटायला लावायची आणि मग तिच्यावरचा उतारा विकायचा, ही रीत जुनीच आहे.

तिला आळा घालण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे 1954 चा औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. त्याच्या यादीत कोड होते, लठ्ठपणा होता, माणसाची उंची होती, स्त्रीच्या वक्षाचा बांधाही होता. हमदर्द दवाखान्याने त्याला आव्हान दिले, तेव्हा 1959 साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा काही भाग रद्द केला. पण असल्या व्यापारी जाहिरातीला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे कवच मिळणार नाही, हेही बजावले. मात्र कातडीचा रंग त्या यादीत नव्हता. 1975 साली हिंदुस्थान लिव्हरने 'फेअर अँड लव्हली' बाजारात आणले आणि पुढची कित्येक वर्षे सावळ्या मुलीला नोकरी नाही, नवरा नाही, हीच कथा घरोघर सांगितली गेली.

ही कथा जाहिरातदारांनी शून्यातून निर्माण केलेली नाही, हे आपण विसरता कामा नये. काळा म्हणजे हलका, गोरा म्हणजे वरचा, हे समीकरण जातिव्यवस्थेने कधीच तयार ठेवले होते. कंपनीने त्यावर फक्त किंमत लिहिली. वंशशास्त्राच्या नावाने नाके मोजून माणसांची प्रतवारी लावण्याचा उद्योग येथे रिस्लेसारख्या अधिकाऱ्यांनी केलाच होता. बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात तीच मोजमापे हाती घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा नाही, असे दाखवले. त्याआधी, डिसेंबर 1927 मध्ये महाडला, त्यांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण पटवणारी नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे जड दागिने टाकून द्यायला सांगितले होते. टाकायला सांगितली ती लादलेली खूण. अंगाची कातडी टाकायला कोणी सांगितले नव्हते!

2014 साली जाहिरात मानक परिषदेने सावळ्या रंगाला कमी लेखणाऱ्या जाहिरातींविरुद्ध नियम केले. 2020 च्या फेब्रुवारीत केंद्राने 1954 च्या यादीत त्वचेचा गोरेपणा घालण्याचा मसुदा जाहीर केला, आणि त्याच वर्षी त्या मलमाचे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले. नाव बदलले, धंदा चालूच राहिला.

धंद्याची किंमत रोग्याने मोजायची असते. 2023 च्या सुरुवातीला अकोल्याच्या एकाच घरातील तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी आली. त्या वापरत असलेल्या गोरेपणाच्या मलमात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या तपासणीत पारा सापडला. पारा कातडीतले रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून रंग उजळतो. पण तो कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साचतो. जाहिरात पहिली गोष्ट सांगते, दुसरी सांगत नाही. स्टेरॉइडच्या मलमांचेही तेच: आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, पुळ्या येतात, आणि मलम सोडले की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो. 2018 साली अशी कितीतरी मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरले. ठरले, एवढेच म्हणतो.

डॉक्टरांच्या बाबतीत 2002 च्या वैद्यक परिषदेच्या आचारनियमांत रोग्याला ओढून आणणे हाच गैरवर्तनाचा प्रकार मानला आहे. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, रजेवरून परत आलो, एवढे वर्तमानपत्रात कळवायला मुभा आहे. उपचारापूर्वीचा आणि नंतरचा चेहरा शेजारी छापण्याची रीत या मुभेत कोठे बसते? आणि 2022 साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाला केसरोपणाबाबत सांगावे लागले की, नुसती कार्यशाळा किंवा यूट्यूबवरची चित्रफीत पाहणे हे प्रशिक्षण नव्हे.

परंतु परिषदेचा हात पोहोचतो तो नोंदणी असलेल्या डॉक्टरपर्यंत. ज्याची नोंदणीच नाही, त्याच्याकडून ती काय काढून घेणार? लग्नाच्या मोसमात हप्त्यावर 'पॅकेज' घेणाऱ्या शिरूर-दौंडच्या मुलीला यंत्र कोण चालवणार, त्याचा नोंदणी क्रमांक काय, एकूण खर्च किती, बिघडले तर जबाबदारी कोणाची, हे त्या जाहिरातीत वाचायला मिळत नाही. हप्त्याची रक्कम तेवढी ठळक असते.