मदतीचे गाणे आणि वेगळे पोते

आपत्तिग्रस्तांसाठी गायकांनी एकत्र येऊन ध्वनिमुद्रिका काढण्याचा इतिहास सांगू लागले की आपले विद्वान थेट न्यूयॉर्क गाठतात. १ ऑगस्ट १९७१ रोजी पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी तेथे बांगलादेशासाठी कार्यक्रम केला. १९७० चे चक्रीवादळ व पाठोपाठचे युद्ध यांनी देशोधडीला लागलेल्यांसाठी तो होता. त्याच्या तीन तबकड्यांचा संच निघाला आणि खपला. पुढे इथिओपियाच्या दुष्काळासाठी १९८४ मध्ये लंडनला व १९८५ मध्ये अमेरिकेत नामवंतांनी एकेक गाणे गायिले. हे सर्व खरेच. पण १९७१ च्या पैशाचे काय झाले? करमाफीची तजवीज आधी केलेली नसल्याने अमेरिकेच्या करखात्याने त्यातला मोठा भाग कित्येक वर्षे अडकवून ठेवला. गाणे घरोघर वाजत होते. ज्यांच्यासाठी ते गायिले ते मात्र वाट पाहत होते.

माझ्या मते हा इतिहास आपण गिरणगावातून सुरू केला पाहिजे. १९४२ च्या वादळानंतर १९४३ मध्ये बंगालात दुष्काळ पडला. तो निव्वळ निसर्गाचा कोप नव्हे. धान्य गरिबाच्या आवाक्याबाहेर नेणारे व्यापारी आणि सरकारही त्यात होते. विनय रॉय यांचे गायकपथक मदत मागत मुंबईपर्यंत आले. अण्णा भाऊ साठे यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला. वाटेगावच्या मातंग वस्तीतला, शाळेचे तोंडही धड न पाहिलेला हा माणूस कधी न पाहिलेल्या उपाशी माणसासाठी गातो, ही आपल्या सांस्कृतिक इतिहासातील साधी घटना नव्हे. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्यांचा श्रोता गिरणी कामगार, आणि त्या कामगारांत आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचा भरणा मोठा. मदतीसाठी गाण्याची रीत चाकरमान्यांबरोबर कोकणात आली, असे मला वाटते.

मी ती पाहिली आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. चिपळूणजवळच्या आमच्या बौद्धवाडीतली मंडळी ढोलकी आणि एक जुनी चादर घेऊन गात निघाली. खोतआळीने नाणी दिली, पण हात उंच धरून, वरून टाकून. (खोती १९४९ च्या कायद्याने गेली, आळीचे नाव राहिले.) तालुक्याला धान्य जमा करणाऱ्याने आमच्या तांदळाचे पोते बाजूला ठेवले. “हे तिकडच्या तुमच्या लोकांना जाईल,” तो म्हणाला. वडिलांनी विचारले, “घरे पडली ती वाड्या विचारून पडली काय?” पोते वेगळेच राहिले.

पुढे २००१ मध्ये कच्छच्या भूकंपानंतर आणि २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टणमकडे दलितांना मदतीत व छावण्यांत कसे वेगळे ठेवले गेले, ते वाचताना मला ते पोते आठवले. त्या गोळा झालेल्या मदतीत गाण्यांचाही पैसा असणारच. देणाऱ्यांची नावे तबकडीच्या वेष्टनावर छापली जातात. वाटपाची यादी कोण छापतो?

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. वाडीतल्या मुलांनी भीमगीते फोनवर मुद्रित करून मदत जमवली. मी एकच अट घातली : कोणी किती दिले याची नव्हे, कोठे काय पोचले याची वही ठेवायची. ती वही माझ्यापाशी आहे. आळी नदीकाठची, पाणी पहिल्यांदा तिथेच चढले. म्हणून पहिली नोंद अशी : खोतआळी, तांदूळ एक पोते, आत स्वयंपाकघरात नेऊन ठेवले.