गुलाबावर भुरी की काळे ठिपके? आधी ओळखा, मग फवारा

कुंडीतल्या गुलाबाची पानं खराब दिसू लागली की आपण हाताला येईल ते फवारतो. कुणी दूध, कुणी खाण्याचा सोडा, कुणी कडुलिंबाचं तेल. पण गुलाबावर नेहमी येणाऱ्या दोन बुरशी वेगळ्या आहेत आणि दोघींना एकच उपाय चालत नाही.

भुरी कशी ओळखाल?
कोवळ्या पानांवर आणि कळ्यांच्या देठांवर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर येतो, पानं मुडपतात. भुरीला वाढायला ओलं पान लागत नाही. दिवसा कोरडी हवा आणि रात्री गारवा व दमटपणा असला की ती फोफावते. म्हणून पाऊस सरल्यावर तिचा जोर.

उपाय : एक भाग दूध, नऊ भाग पाणी. आठवड्यातून एकदा, सकाळच्या उन्हात पानाच्या दोन्ही बाजूंनी फवारा. ब्राझीलचे संशोधक वागनर बेट्टिओल यांनी १९९९ मध्ये भोपळावर्गीय पिकावरच्या भुरीवर दुधाचा असा परिणाम दाखवून दिला होता. दूध नको असेल तर लिटरभर पाण्यात एक सपाट चमचा खाण्याचा सोडा आणि द्रव साबणाचे दोन-तीन थेंब. सोडा जास्त झाला तर पानांच्या कडा करपतात.

काळे ठिपके
हे आधी खालच्या पानांवर दिसतात. डागाची कडा विस्कटलेली असते, भोवती पिवळं पडून पान गळतं. पान सलग सात-आठ तास ओलं राहिलं की ही बुरशी आत शिरते. त्यामुळे बेळगाव, कोकण, गोव्याच्या पावसात ती हमखास येते.

उपाय : इथे दूध-सोड्यावर विसंबू नका. डागाळलेली पानं तोडा, गळलेली वेचून कचऱ्यात टाका. कुंडीतच खत म्हणून ठेवू नका. पाणी सकाळी आणि बुंध्याशीच द्या. कुंड्यांमध्ये अंतर ठेवा, जमल्यास पावसाच्या झडीपासून आडोशाला घ्या. मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुलिंबाचं तेल आणि थोडा साबण घालून चांगल्या पानांवर संध्याकाळी फवारा.

लक्षात ठेवा
कुठलाही फवारा आधी एका पानावर मारून दोन दिवस पाहा. पाकळ्या गुलकंदाला वापरत असाल तर फुलांवर फवारू नका. आणि डागाळलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. उपाय लागू पडला का, ते नव्या पालवीवर बघा.