ख्रिस्तचरित्राचे वाचन (ठाणे-कल्याण परिसर)

ख्रिस्तचरित्राचे वाचन : येशू ख्रिस्ताचे जीवन व शिकवण यांचा धर्मशास्त्रीय अर्थ लावणाऱ्या ग्रंथांचे पठण, श्रवण व अभ्यास. उत्तर कोकणात, विशेषतः ठाणे, साष्टी व वसई भागात, हे वाचन प्रथम ओवीतून आणि चारचौघांत झाले. छापील गद्य घेऊन एकट्याने वाचण्याची सवय एकोणिसाव्या शतकातली. या दोन रीतींत येशूच्या चरित्राचा वेगवेगळा भाग पुढे येतो.

अशा अभ्यासाचा मुख्य आधार म्हणजे नव्या करारातील मत्तय, मार्क, लूक व योहान यांची शुभवर्तमाने. त्यांतील मार्कचे सर्वांत आधीचे, इ. स. ७० च्या आसपासचे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या सोळा अध्यायांपैकी अखेरचे सहा यरुशलेममधील शेवटच्या आठवड्याला आणि पुनरुत्थानाला दिलेले आहेत. म्हणजे मरणाला महत्त्व अगदी सुरुवातीपासूनच होते. पुढे चौथ्या शतकात निखिया येथे सिद्ध झालेल्या श्रद्धासूत्रात तर देहधारणानंतर थेट दुःखसहनच येते. डोंगरावरील प्रवचन, दाखले, रोग्यांना बरे करणे यांपैकी कशाचाच उल्लेख तेथे नाही. येशूने काय शिकवले आणि तो कोण होता, हे प्रश्न एकत्र कसे ठेवायचे, ही ख्रिस्तविषयक धर्मशास्त्राची जुनी अडचण आहे. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय अभ्यासकांनी ‘इतिहासातील येशू’ वेगळा काढण्याचा प्रयत्न केला. प्रत्येकाला त्यात आपलाच चेहरा दिसला, असा त्या प्रयत्नावरचा आक्षेप अल्बर्ट श्वाइट्झर यांच्या १९०६ च्या ग्रंथामुळे प्रसिद्ध झाला.

ठाणे परिसराला येशू कोण हा वाद परका नव्हता. सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस इंडिकोप्लूस्टीस याने ‘कल्लियाना’ येथे पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे. हे ठिकाण म्हणजे कल्याण असावे, असे अनेक अभ्यासक मानतात, सगळे नाही. १३२१ मध्ये ठाण्यात तोलेंतिनोचा थॉमस व त्याचे तीन सोबती हे फ्रान्सिस्कन मारले गेले. ओडोरिक या प्रवाशाने ही हकीकत टिपली आहे. काझीसमोरच्या ज्या वादातून हा प्रसंग ओढवला, तो येशू कोण या प्रश्नावरच सुरू झाला होता. त्या काळी ठाण्यात नेस्तोरी, म्हणजे पूर्व सिरियाक परंपरेतील, ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, असेही ओडोरिक सांगतो. ही घरे काय वाचत होती, याचा मागमूस उरलेला नाही.

मराठीतून ख्रिस्तचरित्र आले ते पोर्तुगीज काळात. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे पहिले पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या वचनापर्यंत येते, दुसरे येशूचे चरित्र सांगते. पाप, वचन आणि उद्धार या मांडणीत चरित्र बसवल्यामुळे तो ग्रंथ कथाकाव्य असूनही काटेकोर धर्मशास्त्र आहे. उत्तर कोकणासाठीचे पुराण मात्र वेगळे. फ्रांसिस्कु वाज द गिमाराइंश याचे हे काव्य १६५९ चे. त्याच्या लांबलचक पोर्तुगीज नावातच येशूच्या वेदनामय मृत्यूचा व दुःखसहनाचा निर्देश आहे. त्याची भाषा या पट्ट्यातल्या ख्रिस्ती लोकांच्या बोलीला जवळची आहे. भाषेच्या डौलात ते स्टीफन्सच्या पासंगालाही पुरत नाही, पण ठाणे-वसईच्या घरांत ते टिकले. उपवासकाळात एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, अशा रीतीला त्याचा विषय नेमका जुळत होता. १७३७ मध्ये ठाणे व १७३९ मध्ये वसई मराठ्यांकडे गेली, १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला. तरी १८४५ मध्ये मुंबईत हे पुराण पुन्हा छापण्याइतका त्याला वाचक होता. १८८७ पासून स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवून घेणारा समाज म्हणजे हेच वाचक.

छापील गद्याची वाट प्रॉटेस्टंट मिशनांनी पाडली. विल्यम केरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ मध्ये व पूर्ण नवा करार १८११ मध्ये मराठीत निघाला. पुढे बाबा पदमनजी यांनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. या रीतीचा सर्वांत लक्षणीय वाचक कल्याणशी संबंधित आहे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे प्राथमिक शिक्षण कल्याणात झाले. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. त्यांना खिळवून ठेवले ते मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांनी, म्हणजे डोंगरावरील प्रवचनाने. श्रद्धासूत्राने वगळलेल्या भागापासून त्यांचे वाचन सुरू झाले, ही गोष्ट त्यांचे पुढचे लेखन समजण्यासाठी महत्त्वाची आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते मानत. त्यांच्या काव्यात येशू गुरू आहे आणि माउलीही.

१९०९ मध्ये त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभले, पण सुमारे दहाच अध्याय हातून झाले. उरलेले साठाहून अधिक अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी रचले. अक्षरओळख लग्नानंतर झालेल्या बाईने हे काम तडीस नेले, याकडे ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्राच्या कीर्तीमुळे वाचकांचे दुर्लक्षच झाले. १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा दोघेही हयात नव्हते. ‘ख्रिस्तपुराणा’प्रमाणे हेही ओवीचे घराणे, मात्र येथे बोलणारा मिशनरी नसून भक्त आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही रीती जवळ आल्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) कॅथलिक उपासना लॅटिनऐवजी लोकभाषांत होऊ लागली. नव्या वाचनक्रमात मत्तय, मार्क व लूक यांना एकेक वर्ष मिळाले, त्यामुळे दाखले व प्रवचने रविवारच्या उपासनेत ओळीने कानांवर येऊ लागली. विनोबांच्या ‘ख्रिस्तधर्मसार’ने नव्या करारातील वेचे ख्रिस्तेतर वाचकापुढेही ठेवले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’मध्ये मजकुरासोबत ऐतिहासिक व सांस्कृतिक टिपा दिल्या, या ग्रंथाला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. रेल्वेमार्गाच्या कडेने वाढलेल्या कल्याण-डोंबिवलीत ख्रिस्ती वस्ती बहुभाषिक आहे. सिरो-मलबार पंथाचा कल्याण धर्मप्रांत १९८८ मध्ये स्थापन झाला. त्यातील मल्याळी कुटुंबांची परंपरा पूर्व सिरियाक उपासनेची, म्हणजे ओडोरिकने पाहिलेल्या ठाण्यातील घरांशी नाते सांगणारी आहे.