परतीचा वारा

मंडळी, शाळेतला जगाचा नकाशा भिंतीवर टांगा आणि मेक्सिकोचा पश्चिम किनारा पाहा. तेथे बार्रा दे नाविदाद नावाचे लहानसे गाव आहे. वाळूचा लांब दांडा आणि त्याच्या आड शांत पाणी. वादळांचा हंगाम सरला, की नोव्हेंबरपासून शिडाच्या होड्यांतले हौशी प्रवासी आजही येथे येऊन नांगर टाकतात. एके काळी याच आडोशाला केवढा खटाटोप झाला!

२१ नोव्हेंबर १५६४ रोजी येथून स्पेनची चार जहाजे फिलिपाइन्सकडे निघाली. जाणे सोपे होते. पूर्वेचे वारे शिडे भरून पश्चिमेला नेतात. अवघड होते परत येणे. जो वारा नेतो, तोच परतीच्या आड येतो. यापूर्वी गेलेले एकही स्पॅनिश जहाज त्या वाटेने मेक्सिकोला परतले नव्हते.

मग उपाय काय? वाऱ्याशी भांडायचे नाही. उत्तरेला, जपानच्या बाजूला वर चढायचे. तिथे वारे पश्चिमेकडून वाहतात. त्यांच्यावर महासागर ओलांडायचा आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने खाली उतरायचे.

हा वळसा प्रथम पुरा केला तो ताफ्यापासून दुरावलेल्या सर्वांत लहान ‘सान लुकास’ जहाजाने. त्याचा वाटाड्या लोपे मार्तीन, आफ्रिकी वंशाचा पोर्तुगीज. ९ ऑगस्ट १५६५ रोजी जहाज नाविदादला लागले. दोन महिन्यांनी, ८ ऑक्टोबरला, आंद्रेस दे उर्दानेता हा धर्मगुरू दुसऱ्या जहाजाने आकापुल्कोला पोहोचला. कीर्ती त्याला मिळाली. लोपेच्या जहाजावर मात्र ताफा सोडून पळाल्याचा ठपका आला. पुढच्याच वर्षी त्याला पुन्हा फिलिपाइन्सकडे धाडले. तिथे शिक्षा वाट पाहत होती. वाटेत जहाजावर बंड झाले आणि अखेर सोबत्यांनी त्याला एका बेटावर टाकून दिले.

पुढे आकापुल्कोचे भाग्य उघडले. डोंगरांनी वेढलेले ते खोल, सुरक्षित बंदर. १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे, तेथून चांदी मनिलाला गेली आणि चिनी रेशीम आले. आपल्या मुलखातला आंबाही याच वाटेने फिलिपाइन्सहून मेक्सिकोत रुजला. तिकडे त्याच्या एका जातीला आजही ‘मनिला’च म्हणतात.

गुरुजी, मुलांकडून ही वाट नकाशावर पेन्सिलीने काढून घ्या. उर्दानेताचे नाव जरूर सांगा. त्याने वाटेची नीट नोंद ठेवली. पण आधी आलेल्या लोपे मार्तीनचेही सांगा. नाव कोणाचे राहते, हेही इतिहासाचेच एक वारे आहे.