हिशेबनिसाचे वळण आणि लग्नपत्रिकेचा डौल

इंग्रजीत छापलेली लग्नपत्रिका किंवा पदवीपत्र हाती आले, की त्यावरचे उजवीकडे झुकलेले, एकमेकांचा हात धरून चालणारे अक्षर आधी डोळ्यांत भरते. वर जाणारी रेघ केसासारखी बारीक, खाली येणारी भरदार. असे अक्षर एखाद्या राजवाड्यात जन्मले असेल, असेच कोणालाही वाटेल. पण तसे नाही. ते वाढले पेढीवर, जमाखर्चाच्या वहीत.

सतराव्या-अठराव्या शतकांत लंडनचा व्यापार फार वाढला. पत्रे, हुंड्या, किर्द-खतावण्या यांना सुमार राहिला नाही. तेव्हा कारकुनाला भरभर लिहिता येईल आणि परक्याला न अडखळता वाचता येईल, असे वळण हवे होते. पिसाच्या टोकदार लेखणीने ते घडवले. लेखणी दाबली की रेघ जाड, हात हलका केला की बारीक. या वळणाला ‘राउंड हँड’, म्हणजे गोल वळण, म्हणत. ते शिकवणारे पंतोजी बहुधा हिशेबही शिकवीत, आणि त्यांचे कित्ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले जात.

आपल्याला यात नवल वाटू नये. आपली मोडी तरी काय होती? आधी आडवी रेघ मारायची आणि तिच्याखाली, हात शक्य तितका कमी उचलून, अक्षरे ओढीत न्यायची. दप्तराची घाई जगात सगळीकडे सारखीच!

लंडनच्या या पंतोजींपैकी एक चार्ल्स स्नेल. जन्म १६६७, मृत्यू १७३३. १७१२ साली त्याने लेखनकलेवर पुस्तक काढले आणि पुढे अक्षरांचे नियमही बांधून दिले. अक्षराची उंची, रुंदी, कल हे सारे मापात असावे, असा त्याचा आग्रह होता. पण इतिहासात त्याचे नाव आणखी एका कारणाने राहिले आहे.

१७२० साली इंग्लंडात साऊथ सी कंपनीच्या भागांचा मोठा सट्टा झाला. वर्षारंभी सव्वाशे पौंडांच्या आसपास असलेला भाग उन्हाळ्यात हजारापर्यंत चढला आणि वर्ष संपताना पुन्हा होता तिथे आला. कित्येक घरे बुडाली. त्यानंतर सॉब्रिज आणि कंपनी या संबंधित पेढीच्या वह्या तपासण्याचे काम स्नेलकडे आले. त्याचा अहवाल १७२१ चा. बाहेरच्या हिशेबनिसाने केलेल्या अगदी आरंभीच्या तपासणींत त्याची गणना होते. मात्र त्याला हे काम दिले होते साऊथ सी कंपनीच्याच एका संचालकाने. म्हणजे अक्षर नेमस्त आणि हिशेबही मांडलेला, तरी विचारावे लागते की हे लिहवून कोणी घेतले?

आता हे धावते अक्षर छापायचे कसे? छापखान्यातला खिळा म्हणजे धातूचा चौकोनी ठोकळा. तिरपे अक्षर त्यात मावत नाही. त्याचे टोक बाहेर डोकावते आणि दाबाखाली मोडते. शिवाय दोन खिळ्यांमध्ये फट राहिली, की जोडलेली रेघ तुटलेली दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या फर्मँ दिदो याने खिळ्याचे अंगच तिरपे आणि एकमेकांत अडकेल असे ओतले. युक्ती नामी होती, पण जुळाऱ्याला फार कटकटीची. मोडीचेही खिळे पाडले गेले. श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी १८१० साली काढलेल्या मराठी कोशात ते वापरले आहेत. पण मराठी छपाई पुढे बाळबोधातच रुळली.

इंग्रजी वळणाची अडचण सुटली ती धातूच बाजूला सरला तेव्हा. मॅथ्यू कार्टर हा इंग्रज तरुण हॉलंडमधील हार्लेम येथे जुन्या पद्धतीने पोलादावर अक्षर कोरायला शिकला होता. १९६५ साली तो अमेरिकेत मर्गेंथेलर लायनोटाइप कंपनीत गेला. तिथे अक्षरे खिळ्यांऐवजी प्रकाशाने फिल्मवर उमटवीत. ठोकळा नाही, त्यामुळे टोक मोडण्याची भीती नाही. एका अक्षराची रेघ दुसऱ्याला नेमकी भिडवता येऊ लागली. या नव्या यंत्रासाठी कार्टरने स्नेलचे जुने कित्ते समोर ठेवून अक्षरमाला आखली आणि तिला पंतोजीचेच नाव दिले, ‘स्नेल राउंडहँड’. आज ती संगणकावरही मिळते. अडीचशे वर्षांपूर्वीच्या हाताचे वळण असे यंत्रात आले.

शिक्षकबंधूंनी मुलांना ही हकीकत जरूर सांगावी. एक तर तिच्यावरून कळते, की अक्षराचे सौंदर्य वरून चिकटवलेले नसते. ते नेमाने केलेल्या कामातून येते. कारकुनाला वेग हवा होता आणि वाचणाऱ्याला स्पष्टपणा, त्यातूनच डौल आला. आणि दुसरे असे, की ज्या अक्षरात पदवीपत्र छापतात, त्याच अक्षरात खोटे प्रमाणपत्रही छापता येते. तेव्हा गावात कोणी लपेटीदार अक्षराचा, सोनेरी कडेचा कागद सहीसाठी पुढे केला, तर त्याच्या वळणाचे कौतुक अवश्य करावे. सही मात्र मजकूर वाचून, आकडे ताडून मगच करावी.