उंच बॉनेटची जीप

बाबांची जुनी महिंद्रा पूर्वीसारखी करायला घेतली आणि पहिलाच वाद झाला: पूर्वीसारखी म्हणजे कधीसारखी?

हिचं बॉनेट इतकं उंच का? १९५३ च्या विलीज सीजे-३बी मध्ये हरिकेन इंजिन आलं. त्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही वर चढलं. अमेरिकेत ती १९६८ ला बंद झाली, महिंद्रानं इथं चालूच ठेवली. पुढे पेट्रोल परवडेना, तेव्हा कितीतरी जणांनी डिझेल इंजिन घातलं. बाबांनीही.

धाकटा म्हणतो, हरिकेन शोधू. अरे, पण बाबांनी स्वतः वेल्ड केलेली माउंटिंग कापायची? तोही इतिहासच की! (आईला फक्त अंगणातले ऑइलचे डाग दिसतात.)

तूर्तास माउंटिंग सोडून बाकीचा गंज खरवडतोय.