काखेतला पारा : तापाच्या आकड्याचा पुणेरी इतिहास

घरात कुणाला बरे वाटेनासे झाले की आधी कपाळावर हात टेकतो, मग कपाटातून थर्मामीटर निघतो आणि थोड्या वेळाने निकाल जाहीर होतो : ‘एकशे एक.’ हा आकडा आपल्या घरात कसा आला आणि पुण्यात त्याच्याशी कोणत्या आठवणी जोडल्या गेल्या, याविषयीचा हा थ्रेड.

आरंभ भाषेपासून करू. थर्मामीटर येण्यापूर्वीही मराठी माणूस ताप मोजत होता. मात्र त्याचे माप अंशांचे नव्हते, दिवसांचे होते. एक दिवसाआड येणारा तो तिजारीचा ताप. ठरावीक दिवस पुरे केल्यावाचून न उतरणारा तो मुदतीचा ताप, म्हणजे आजचा टायफॉइड. ताप किती चढला यापेक्षा तो कधी येतो आणि कधी उतरतो, याकडे वैद्याचे लक्ष असे. हे अडाणीपण नव्हते. ज्वराची चाल ओळखणे हीच निदानाची किल्ली होती.

युरोपातही चित्र फार निराळे नव्हते. फॅरनहाइटने १७१४ च्या सुमारास पाऱ्याचा भरवशाचा तापमापक घडवला. तरी पुढची जवळपास दीड शतके बहुतेक डॉक्टर नाडी आणि स्पर्श यांवरच विसंबून राहिले. लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिशने हे बदलले. सुमारे २५,००० रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला त्याचा ग्रंथ १८६८ साली प्रसिद्ध झाला. त्याचा थर्मामीटर फूटभर लांबीचा असे आणि तो रुग्णाच्या काखेत पंधरा-वीस मिनिटे धरून ठेवावा लागे!

निरोगी शरीराचे ३७ अंश सेल्सिअस हे प्रमाण त्याचेच. आपल्या तोंडी बसलेले ९८.६ हे त्याच ३७ चे फॅरनहाइटमधले रूपांतर होय. दशांश चिन्हामुळे तो आकडा फार काटेकोर भासतो, पण मुळात ती एक गोळाबेरीज सरासरी आहे. सकाळपेक्षा संध्याकाळी शरीर अधिक उष्ण असते, हेही वुंडरलिशला ठाऊक होते.

माझ्या मते त्याचे खरे कार्य आकड्यात नाही, आलेखात आहे. रोज ठरलेल्या वेळी घेतलेल्या नोंदी त्याने कागदावर रेषेने जोडल्या. तिजारी आणि मुदत या शब्दांत आपण जे सांगत होतो, तेच त्या रेषेत डोळ्यांना दिसू लागले.

१८६७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये टॉमस ऑलबटने सहा इंची, पाच मिनिटांत माप देणारा थर्मामीटर आणला आणि तो डॉक्टरांच्या खिशात मावू लागला. आपल्या ओळखीच्या काचेच्या थर्मामीटरमध्ये फुग्याच्या वर नळी किंचित आवळलेली असते. चढलेला पारा त्या अरुंद जागेतून आपोआप मागे येत नाही, म्हणून काखेतून काढल्यावरही आकडा वाचता येतो. आणि म्हणूनच पुन्हा लावण्याआधी तो झटकावा लागतो.

एक गंमत. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरचा ‘सिमला ऑफिस’ चौक त्याचीच खूण. पुढे हवेचे तापमान सेल्सिअसमध्ये सांगितले जाऊ लागले, अंगातला ताप मात्र फॅरनहाइटमध्येच राहिला. ‘आज अडतीस आहे’ हे वाक्य पुणेकर उन्हाविषयी बोलतो, आजाऱ्याविषयी नाही.

आता १८९७. प्लेगची दोन ठळक लक्षणे : जोराचा ताप आणि जांघेत, काखेत किंवा मानेवर येणारी गाठ. फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. वॉल्टर रँडच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने १३ मार्चपासून सैनिकांकरवी घरझडत्या सुरू केल्या आणि त्या १९ मेपर्यंत चालल्या. शिपाई स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले. ज्या काखेत वुंडरलिशने थर्मामीटर ठेवला, तीच काख आता सरकारी तपासणीची जागा झाली. संशयितांना दवाखान्यात आणि त्यांच्या घरच्यांना विलगीकरण छावणीत नेले जाई.

प्लेग खरा होता आणि माणसे खरोखर मरत होती, हे विसरता कामा नये. झडत्या सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, १० मार्च रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना संसर्ग होऊन सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. रुग्णाला हात लावणे त्याही करत होत्या आणि शिपाईही. फरक होता तो कुणाच्या परवानगीने, कोणत्या भावनेने आणि त्यानंतर रुग्णाचे काय होणार, यात.

स्त्रियांच्या तपासणीचा प्रश्न सर्वांत जिव्हारी लागला. प्लेगच्या दवाखान्यातील स्त्रियांच्या स्थितीवर पंडिता रमाबाईंनी टीका केली. इंग्लंडमध्ये असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सैनिकांवर अत्याचाराचे आरोप केले. परतल्यावर पुरावा उभा करता न आल्याने त्यांना जाहीर माफी मागावी लागली. बंद दाराआड घडलेल्या गोष्टीला साक्षीदार कुठून आणायचा, हा पेच मला त्या माफीपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. २२ जूनची गणेशखिंडीतली रात्र सर्वांना पाठ आहे. तिच्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले करोना रुग्ण पुण्यातच सापडले आणि राज्याने तोच १८९७ चा कायदा लागू केला. या वेळी सोसायटीच्या फाटकावर हाती आली ती कपाळावर रोखायची ‘गन’. ती त्वचेतून बाहेर पडणारे अवरक्त किरण मोजते. म्हणून उन्हातून आलेला माणूस तापलेला आणि एसी गाडीतून उतरलेला गार दिसू शकतो. शिवाय संसर्ग असूनही ताप नसलेला माणूस तिच्यासमोरून सहज निघून जाई. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके पुन्हा घरोघरी गेली, पण या वेळी हातात थर्मल गन, ऑक्सिमीटर आणि नोंदीचा कागद होता.

त्याच वर्षी अनेक घरांनी वुंडरलिशचे काम नकळत पुन्हा केले. गृहविलगीकरणातला रुग्ण आपला ताप स्वतः मोजून वहीत लिहू लागला. डिजिटल थर्मामीटरमध्ये पारा नसतो. टोकाशी असलेल्या संवेदकाचा विद्युत रोध तापमानानुसार बदलतो आणि त्यावरून आकडा ठरतो. काच फुटण्याचे भय संपले. पाऱ्याच्या थर्मामीटरचे उत्पादन थांबवण्यासाठी मिनामाता करारानेही २०२० हीच मुदत घातली होती. पण काखेची अडचण जुनीच आहे : तेथील आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतो, आणि घाम पुसला नाही किंवा हात अंगाशी घट्ट धरला नाही तर आणखी चुकतो. चहा पिऊन लगेच तोंडात लावला तर उलट चूक होते. म्हणून वहीत नुसते ‘१००.४’ लिहून भागत नाही. शेजारी वेळ, मोजल्याची जागा आणि तापाची गोळी केव्हा घेतली हेही लिहावे लागते. तरच डॉक्टरांना त्या नोंदींवरून तापाची चाल वाचता येते.